मोबी डिकमध्ये एवढं नशीब आलं कुठून?

देवमाशाच्या शिकारीच्या गोष्टीत एवढं बायबल नि एवढं नशीब कशाला, असं हर्मन मेलव्हिलची मोबी डिक ही कादंबरी वाचताना वाटतंच. त्याचं एक मूळ मेलव्हिलच्या घरात आहे. आई डच रिफॉर्म्ड चर्चमधली, म्हणजे धर्मसुधारक कॅल्विनची ख्रिस्ती परंपरा, कोणाचा उद्धार होणार नि कोणाचा नाही हे देवाने आधीच ठरवलंय असं मानणारी. आपलं प्रारब्ध निदान मागच्या जन्मीच्या कर्माचं तरी असतं, इथे तोही हिशोब नाही.

दुसरं मूळ समुद्रात. २० नोव्हेंबर १८२० ला पॅसिफिकमध्ये एका देवमाशाने धडका मारून एसेक्स हे देवमाशांची शिकार करणारं जहाज बुडवलं. जवळच्या बेटांवर माणसं खाणारे लोक असतील या भीतीने खलाशी होड्या घेऊन दूरच्या दक्षिण अमेरिकेकडे निघाले, आणि शेवटी आपल्याच मेलेल्या सोबत्यांना खायची वेळ त्यांच्यावर आली, २० पैकी ८ च वाचले. मेलव्हिल स्वतः जानेवारी १८४१ मध्ये शिकारी जहाजावर चढला तेव्हा तिथेच समुद्रावर त्याला ही हकीकत वाचायला मिळाली, तीही ती लिहिणाऱ्या एसेक्सच्या फर्स्ट मेटच्या (कॅप्टनच्या हाताखालच्या पहिल्या अधिकाऱ्याच्या) मुलाकडून!

नावंही मुद्दाम निवडलेली. बायबलमधला आहाब राजा खोट्या भविष्यावर भरवसा ठेवून लढाईला जातो नि मरतो. कादंबरीत मोबी डिक या देवमाशाच्या मागे लागलेल्या कॅप्टन आहाबला असंच फसवं भविष्य सांगतो तो त्याच्या होडीवरचा भालाईत फेदल्ला, त्याला पुस्तकात पारशी म्हटलंय, पण तो मुंबईतल्या पारशांसारखा अजिबात नाही, मेलव्हिलला नुसता गूढ अग्निपूजक हवा होता असं दिसतं.

माझ्या मते नशीब की स्वतःची इच्छा हा सगळा वाद ४७ व्या प्रकरणात आहे. गोष्ट सांगणारा खलाशी इश्माएल आणि त्याचा मित्र क्वीक्वेग डेकवर बसून दोरीची चटई विणतायत. ताणलेले उभे धागे म्हणजे अटळ नियती, इश्माएल स्वतःच्या हाताने धोटा फिरवतो ती इच्छा, आणि क्वीक्वेग इकडेतिकडे बघत लाकडी पट्टीने कधी जोरात कधी हळू ठोकतो तो योगायोग. एवढ्यात वरून आरोळी येते, देवमासा दिसला! आणि इश्माएलच्या हातातला तो इच्छेचा, म्हणजे दोऱ्याचा, गोळा खाली पडतो.

आहाब मात्र शेवटी म्हणतो मी नियतीचा हुकूम पाळतोय, हे सगळं अब्ज वर्षांपूर्वीच ठरलंय. मला ही पळवाट वाटते, कारण दुसऱ्याच दिवशी त्याच्या जहाजाचा फर्स्ट मेट स्टारबक त्याला ओरडून सांगतो की मासा तुला शोधत नाहीये, तूच वेड्यासारखा त्याच्या मागे लागलायस. आणि तेव्हा तो मासा खरंच लांब निघून चाललेला असतो.