मेट्रोचे फोटो काढायला पुण्याला निघालेल्या ग्राहकांसाठी

नमस्कार.

कासच्या पठारावर फुलं आली की आमच्या साताऱ्यातल्या दुकानात कॅमेरे आणि लेन्स भाड्याने न्यायला झुंबड उडते, ती दरवर्षीचीच. पण पुण्यात मेट्रो धावायला लागल्यापासून वेगळंच गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढू लागलं आहे. कॉलेजची पोरं, रेल्वेचं वेड असलेले निवृत्त मास्तर, सुट्टीत नातवाला मेट्रो दाखवायला नेणारे आजोबा. सगळ्यांचा प्रश्न एकच: "मेट्रोचे फोटो काढायचेत, सगळ्यात मोठी लेन्स कुठली आहे?" आणि त्यातले बरेच जण दुसऱ्या दिवशी तोंड पाडून सामान परत आणतात. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हे पत्रक छापून घेतलं. एसटीत वाचता येईल, पण सामान नेण्याआधी वाचलंत तर तुमचे पैसे वाचतील.

तोफ आणि ट्रायपॉड नेऊ नका

सर्वांत जास्त वेळ इथे जातो. तुमचा आणि आमचाही.

गोष्ट नेहमी अशीच घडते. ग्राहक हट्टाने 150-600 एमएमची लांबलचक लेन्स (आमच्या भाषेत तोफ) नेतो, कारण कासला किंवा मायणीला पक्ष्यांसाठी तिचा उपयोग झालेला असतो. सोबत ट्रायपॉड. पहाटेच्या गाडीने स्वारगेटला उतरतो आणि स्टँडजवळच्याच भुयारी मेट्रो स्टेशनात शिरतो. दारात बॅग तपासणीच्या मशीनमधून जाते. पडद्यावर हातभर लांबीचं नळकांडं आणि घडीचे तीन पाय दिसले की सुरक्षारक्षक बाजूला घेतो. कशासाठी? कोणासाठी? परवानगीचं पत्र? तिथून आम्हाला फोन: "दादा, जरा साहेबांशी बोला ना, भाड्याचा आहे म्हणून सांगा." आम्ही साताऱ्यातून काय सांगणार? भाड्याचा आहे म्हटलं की संशय उलट वाढतो, कारण भाड्याने सामान आणतो तो धंद्यासाठी, असाच कोणाचाही समज होतो. या बोलाचालीत सकाळचा उजेड निघून जातो आणि त्या दिवसातलं चांगलं ऊन तेवढंच असतं.

रक्षकाची चूक नाही. मोबाइलवर दोन फोटो काढणाऱ्या प्रवाशाला सहसा कोणी हटकत नाही. पण स्टँड लावून, दिवे लावून, नवरा-नवरीला उभं करून शूटिंग करायचं असेल तर महामेट्रोची (मेट्रो चालवणाऱ्या कंपनीची) लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. प्री-वेडिंगवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर ट्रायपॉडच्या पायात कोणी अडकून पडलं तर काय होईल, याचाही विचार करा.

"मग दिवसाचं भाडं परत द्या." हेही दर महिन्याला ऐकतो. देत नाही. लेन्स तुमच्या बॅगेत होती तेव्हा ती दुसऱ्या कोणाला देता आली नाही, आणि नेऊ नका असं आम्ही काउंटरवरच सांगितलं होतं. आता तर ट्रायपॉड मागितला की आम्ही आधी "कुठे निघालात?" असं विचारतो. मेट्रो म्हणालात तर देत नाही. काही जणांना याचा राग येतो. एक-दोघांनी "कास" सांगून नेला आणि फोन स्वारगेटवरून केला.

गाडीत बसलेल्याला गाडी दिसत नाही

मेट्रोचा चांगला फोटो स्टेशनात क्वचितच मिळतो. तो रस्त्यावरून, पुलावरून, नदीकाठावरून मिळतो. मेट्रोत बसायचं ते एका जागेवरून दुसऱ्या जागी पोहोचायला. एवढं ध्यानात आलं की मोठ्या लेन्सचं आणि परवानगीचं अर्धं झंझट आपोआप मिटतं.

सातारकरांची सोय अशी की 29 सप्टेंबर 2024 पासून मेट्रो थेट स्वारगेटपर्यंत आली. त्याआधी स्वारगेटला उतरून रिक्षावाल्याशी घासाघीस करावी लागायची. आता मंडई, कसबा पेठ आणि तिसरं सिव्हिल कोर्ट. पाटीवर जिल्हा न्यायालय असं दिसेल. तिथे मार्ग बदलून वनाजकडे जाणारी गाडी धरा. दिवसभर चार-सहा वेळा चढउतार होणार, त्यामुळे सुटी तिकिटं काढत बसू नका, 100 रुपयांचा दिवसाचा पास घ्या. दर आणि वेळा बदलत असतात, खिडकीवर एकदा विचारून घ्या. सुट्या तिकिटावर आत किती वेळ थांबता येतं यालाही मर्यादा असते. प्लॅटफॉर्मवर बसून दहा गाड्या टिपायचा बेत असेल तर तो पहिल्याच दिवशी दंडात जातो.

सकाळी पहिली जागा मुठेचा काठ. छत्रपती संभाजी उद्यान आणि डेक्कन जिमखाना या दोन स्टेशनांची छपरं मावळ्यांच्या पगडीच्या घाटाची आहेत आणि त्यांच्यामधला मार्ग नदीला लागून जातो. डेक्कनला उतरून पलीकडे नारायण पेठेच्या बाजूला जा. सकाळचं ऊन तुमच्या पाठीवर आणि गाडीच्या अंगावर असतं. खाली पाणी, वर खांब, मध्ये गाडी. 55-250 ची छोटी झूम इथे पुरते. संध्याकाळी हेच चित्र उलटं होतं, सूर्य गाडीच्या मागे जातो आणि नुसती काळी आकृती मिळते. तीही छान दिसते, पण गाडीचा रंग हवा असेल तर सकाळ चुकवू नका. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो. अशा वेळी काठाच्या पायऱ्यांवर कोणीही उतरू नये.

तिथूनच चालत लकडी पूल. मेट्रो या पुलाच्या डोक्यावरून जाते. 2021 मध्ये इथल्या गर्डरवरून गणेश मंडळांनी मोठा आक्षेप घेतला होता, कारण विसर्जन मिरवणुकीतले रथ त्याखालून जाणार कसे, हा त्यांचा प्रश्न होता. गर्डर शेवटी बसला. अलका चौकाच्या टोकाला फुटपाथवर उभं राहिलं की खाली वाहनांची रीघ आणि वर मेट्रो असं एका चौकटीत येतं.

पुढे नळस्टॉप. कर्वे रस्त्यावर खाली रस्ता, मधल्या मजल्यावर उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो. तीन थर एकत्र घ्यायला रुंद लेन्स लागते, लांब लेन्सचं इथे काहीच काम नाही. गरवारे कॉलेज ते वनाज हा पुण्यातल्या पहिल्या दोन टप्प्यांपैकी एक, 6 मार्च 2022 ला सुरू झालेला. दुसरा पिंपरीचा, पिंपरी चिंचवड मनपा ते फुगेवाडी.

दुपारी बारा ते दोन बाहेरचा उजेड भाजका असतो. तेव्हा जमिनीखाली जा. सिव्हिल कोर्टचं भुयारी स्टेशन 33 मीटर खोल आहे, म्हणजे साधारण दहा मजली इमारत जमिनीत पुरावी तेवढं, आणि तरी सूर्यप्रकाश थेट खालच्या प्लॅटफॉर्मपर्यंत पोहोचेल अशी त्याची रचना आहे. सूर्य डोक्यावर असतानाच तिथे जाण्यात मजा. सरकत्या जिन्यावरून उतरताना मोबाइल किंवा छोटी लेन्स पुरे. मंडई-स्वारगेटकडचे बोगदे मुठेच्या पात्राखालून आलेत. ते खोदणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना अशी नद्यांचीच नावं दिली होती. मास्तरांसोबत गेलात तर ही माहिती तुम्हाला दोनदा ऐकायला मिळेल.

दुपारनंतर रामवाडीची बाजू, म्हणजे वनाजच्या मार्गाचं दुसरं टोक. बंडगार्डन आणि येरवड्याकडे मुळा-मुठेवरचा मोकळा भाग मिळतो. आधीच्या आराखड्यात हा मार्ग आगाखान पॅलेससमोरून नगर रस्त्याने जाणार होता. संरक्षित वास्तूच्या नियमामुळे तो कल्याणीनगरातून वळवला.

ज्यांना मेट्रो आणि जुनी रेल्वे एकाच फोटोत हवी आहे त्यांनी पिंपरीच्या मार्गावर कासारवाडी गाठावी. पुणे-लोणावळा लोकल तिथे मेट्रोच्या सोबतीनेच धावते. लोकल आणि मेट्रो एकाच वेळी यायला नशीब लागतं. डबा सोबत ठेवा. परतताना बोपोडी, खडकी, रेंजहिल या पट्ट्यात मात्र कॅमेरा बॅगेत. लष्कराच्या जागा आहेत, तिथे लेन्स रोखून उभं राहणं कोणाच्याच फायद्याचं नाही. ड्रोनबद्दल विचारू नका. लोहगावला हवाई दलाचा विमानतळ आहे, आम्ही मेट्रोसाठी ड्रोन देत नाही.

"पाटी अर्धीच आली, कॅमेरा खराब आहे"

कॅमेरा चांगला आहे. गाडीच्या कपाळावर "वनाज" किंवा "रामवाडी" लिहिलेली पाटी एलईडीची असते. तिचे सगळे ठिपके एकदम पेटत नाहीत, ओळीओळीने भराभर उजळत-विझत राहतात. डोळ्याला ते सलग दिसतं. तुम्ही शटर 1/1000 (सेकंदाचा हजारावा भाग) ठेवलं की त्या क्षणी पेटलेल्या ओळीच तेवढ्या सापडतात आणि "वनाज"चं "व" राहतं. शटर 1/100 किंवा त्याहून सावकाश ठेवा, पाटी पूर्ण येईल. आता 1/100 ला धावती गाडी हलणार, म्हणून स्टेशनात शिरताना तिचा वेग कमी झाला की टिपा.

भुयारात फोटोवर आडवे काळे पट्टे येतात त्याचंही कारण याच जातीचं आहे. आपली वीज 50 सायकलची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. सायलेंट शटर बंद करा, साधं मेकॅनिकल शटर वापरा, वेग 1/50 किंवा 1/100. फ्लॅश अजिबात नको, समोरून गाडी चालवत येणाऱ्याच्या डोळ्यावर तो जातो. आणि पिवळ्या पट्टीच्या मागे उभे राहा.

गाडी स्पष्ट आणि मागची इमारत पळताना दाखवायची असेल तर 1/30 ला कॅमेरा गाडीबरोबर फिरवावा लागतो. हे पुण्यात जाऊन शिकू नका. आदल्या आठवड्यात पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरच्या तोंडाशी फुटपाथवर उभं राहून दुचाकींवर हात बसवा. पन्नासात दोन जमले तरी पुष्कळ.

लेन्समध्ये "धुकं"

एसीच्या डब्यातून किंवा थंड भुयारातून पावसाळी दमट हवेत बाहेर आलं की काचेवर वाफ धरते. लेन्स बिघडलेली नसते. रुमालाने, शर्टाने पुसू नका, ओरखडे तिथेच पडतात आणि मग अनामत रकमेवरून आपल्यात वाद होतो. बाहेर पडण्याआधी कॅमेरा बॅगेत घालून चेन लावा आणि दहा मिनिटं तसाच राहू द्या.

मग द्यायचं काय?

रोजचे हे प्रश्न बघून आम्ही मेट्रोसाठी वेगळी पिशवीच बांधून ठेवली आहे. एक हलकी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), 35 एमएमची f/1.8 लेन्स, 55-250 झूम, एक जादा बॅटरी, दोन कार्डं, पावसाचं कव्हर. सगळं खांद्याच्या साध्या बॅगेत मावतं. भाडं त्या मोठ्या तोफेच्या निम्म्याहून कमी. आम्हाला यात कमी मिळतं हे आम्हीही जाणतो. पण खूश होऊन आलेला माणूस ऑक्टोबरात काससाठी पुन्हा येतो, हा आमचा हिशोब आहे.

ट्रायपॉडऐवजी एक छोटी कापडी पिशवी देतो. तीत घरून किलोभर तांदूळ भरून न्या. संध्याकाळी नदीकाठच्या कठड्यावर पिशवी, तिच्यावर कॅमेरा, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ 100, f/8, शटर आठ-दहा सेकंद. गाडी जाताना प्रकाशाची लांब रेघ उमटते. तांदूळ रात्री भाताला वापरा.

आदल्या दिवशी संध्याकाळी 6 नंतर सामान नेलंत तर त्या संध्याकाळचे पैसे लावत नाही, म्हणजे पहाटेची एसटी चुकत नाही. परतीचं बंधन पुण्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी 11 पर्यंत. रविवारी संध्याकाळी कात्रजपासून खंबाटकीपर्यंत काय अवस्था असते ते आम्हालाही माहीत आहे, त्यासाठी उशिराचा दंड घेत नाही. आधारची प्रत आणि अनामत मात्र सगळ्यांना सारखी. ओळखीच्यांनाही, मास्तरांनाही. नेताना बॉडी आणि लेन्सचे नंबर तुमच्यासमोर वहीत लिहितो, तुम्हीही मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

हिंजवडीकडून येणाऱ्या तिसऱ्या मार्गाबद्दल तरुण मंडळी विचारतात. त्या गाडीला डोक्यावर विजेची तार नाही, वीज बाजूच्या तिसऱ्या रुळातून घेते, म्हणून फोटोत आकाश मोकळं मिळेल. तिच्यासाठीही हीच पिशवी पुरेल.

मेट्रोच्या पिशव्या आमच्याकडे सध्या तीनच आहेत. रविवारसाठी हवी असेल तर शुक्रवारी दुकान बंद होण्याआधी नाव लिहून जा.