सैनिक होता, की सैनिकांचा पोलीस?

‘आर्मीत होता ना, मग तपास त्याला जमणारच.’ रहस्यकथांवरच्या गप्पांत हे वाक्य आलं की माझं डोकं उठतं. आर्मीत स्वयंपाकी असतात, पूल बांधणारे असतात, ब्लँकेटांचा हिशेब ठेवणारे असतात. त्यांना खुनाचा तपास करायला कोणी आणि कधी शिकवलं? तरीही लॉर्ड पीटर विम्झी, जॅक रीचर, कॉर्मोरन स्ट्राइक, हॅरी बॉश हे सगळे एकाच पोत्यात कोंबायचे आणि वर चिठ्ठी लावायची: ‘माजी सैनिक डिटेक्टिव्ह’.

त्या पोत्यात दोन निराळ्या जातींचे लोक आहेत. एक जण युद्धात लढला आणि पुढे कधीतरी गुन्हेगारांच्या मागे लागला. दुसऱ्याचं लष्करातलं कामच मुळात गुन्हे शोधायचं होतं. गणवेश उतरवल्यावर त्याचं फक्त गिऱ्हाईक बदललं.

किरकोळ घोटाळे आधी उरकून टाकू. मराठीत ‘गुप्तहेर’ हा एकच शब्द शत्रूच्या गोटात शिरणाऱ्या हेरालाही चालतो आणि खुनी शोधणाऱ्या डिटेक्टिव्हलाही. पण लष्कराची हेरगिरी आणि लष्कराचे पोलीस ही वेगवेगळी खाती. हेराला माहिती मिळाली की त्याचं काम झालं, पोलिसाला ती कोर्टात टिकवावी लागते. दुसरा घोटाळा होम्सचा. सैनिक तो नव्हे, वॉटसन: आर्मी डॉक्टर, 1880 ची अफगाणिस्तानातल्या मैवंदची लढाई, जझेल बंदुकीची गोळी, मग रोजच्या साडेअकरा शिलिंगांवर लंडनमध्ये काढलेले दिवस. (ती गोळी 1887 च्या पहिल्या कादंबरीत खांद्यात असते आणि पुढच्याच कादंबरीत पायात जाते, पण त्या वादात आत्ता नको शिरायला.) अगाथा ख्रिस्तीचा प्वारोही सैनिक नव्हे. तो बेल्जियन पोलिसांतून निवृत्त झालेला निर्वासित. आघाडीवरून जायबंदी होऊन परतलेला तो कॅप्टन हेस्टिंग्ज. दोन्ही जोड्यांत लष्करातला माणूस गोष्ट सांगतो आणि बाहेरचा ती सोडवतो. बंगालीत सय्यद मुस्तफा सिराज यांनी हे उलटं केलं: निवृत्त कर्नल नीलाद्री सरकार कोडं सोडवतात आणि पत्रकार जयंत ते आपल्याला सांगतो.

आता खरा घोळ.

सैनिकाला काय शिकवतात? जमीन वाचायला, ताटकळत बसायला, हुकूम पाळायला आणि द्यायला, शेजारच्या माणसाच्या भरवशावर डोळे मिटायला. समोरचा माणूस कोणी मारला, हा प्रश्न त्याला पडत नाही, कारण पुष्कळदा तो त्यानेच मारलेला असतो. लष्करी पोलिसाची शाळा वेगळी. छावणी म्हणजे एक गावच. तिथे चोऱ्या होतात, मारामाऱ्या होतात, कोठारातून डिझेल नाहीसं होतं, जवान पळून जातात, क्वचित खूनही पडतो. अशा वेळी जागा राखायची, पंचनामा करायचा, जबाब घ्यायचे आणि पुरावा असा बांधायचा की कोर्ट मार्शलमध्ये बचावाच्या वकिलाने ओढून पाहिला तरी उसवू नये. अमेरिकन सैन्याची सीआयडी 1918 मध्ये फ्रान्समध्ये उभी राहिली ती आपल्याच जवानांचे गुन्हे शोधायला. ब्रिटिश मिलिटरी पोलिसांतल्या स्पेशल इन्व्हेस्टिगेशन ब्रँचचं कामही हेच होतं. या लोकांनी गोळी झाडलेली असो वा नसो, फायली मात्र ढिगाने लिहिलेल्या असतात.

हा फरक कथेत कसा दिसतो ते पाहायचं तर ली चाइल्डच्या 1997 च्या ‘किलिंग फ्लोअर’ची सुरुवात उघडा. जॉर्जिया राज्यातलं एक डायनर, रीचर अंडी खातोय, कॉफी पितोय, आणि पोलीस त्याला पकडायला येतात. रिव्हॉल्वरवाला दारात थांबतो, शॉटगनवाला टेबलापर्यंत येतो. रीचर दचकत नाही, पळत नाही. तो बसल्या जागी त्यांना मार्क देतो. याच्या उलट केलं असतं तर चुकलं असतं: झटापटीत इतक्या जवळून रिव्हॉल्वरचा नेम हुकला असता, आणि दारातून झाडलेल्या शॉटगनने पकडायला आलेला सहकारीही मेला असता, मागच्या बाकावरचा म्हाताराही. आत्तापर्यंत ठीक चाललंय, असा त्याचा शेरा. कमांडोच्या डोक्यात त्या घडीला बाहेर पडायची वाट असती. रीचरच्या डोक्यात अटकेची पद्धत आहे, कारण तेरा वर्षं त्याने हेच केलंय. तरी दर दुसऱ्या परीक्षणात तो ‘माजी कमांडो’ असतो. बहुधा उंचीमुळे. सहा फूट पाच इंचांच्या माणसाने फायली लिहिल्या असतील हे लोकांना पटतच नाही.

त्याच्याशेजारी डोरोथी सेयर्सचा विम्झी ठेवा. पहिल्या महायुद्धात रायफल ब्रिगेडचा मेजर, 1918 मध्ये तोफगोळ्याच्या स्फोटाने मातीखाली गाडला गेलेला. 1928 च्या बेलोना क्लबच्या कादंबरीत माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या क्लबात नव्वदीचे जनरल फेंटिमन आरामखुर्चीत मेलेले सापडतात. दिवस 11 नोव्हेंबरचा, युद्धविरामाचा. आणि युद्धात मेलेल्यांच्या आठवणीत ब्रिटनमध्ये त्या दिवशी लावतात ते लाल पॉपीचं फूल जनरलच्या कोटाला नाही. हा म्हातारा सैनिक त्या दिवशी फुलाशिवाय रस्त्याने चालत येणं शक्य नाही, म्हणजे त्या सकाळी तो चालत आलाच नाही. (थोडं रहस्य फुटलं. जवळजवळ शंभर वर्षांत वाचलं नसेल तर माझा नाइलाज आहे.) इथे कुठलंही प्रशिक्षण कामी आलेलं नाही. नजर विम्झीची उपजतच आहे, युद्धाने तिला हेरायला एक फूल दिलं.

पण युद्धाने त्याच्याकडून घेतलं किती, ते त्याच्या पहिल्याच, 1923 च्या कादंबरीत दिसतं. खुनी कोण हे त्याला उमगतं आणि त्याच रात्री तो खंदकात परत जातो. जमिनीखाली कोणीतरी सुरुंग खणतंय, ठकठक ऐकू येतेय, म्हणून थरथरत नोकराला, बंटरला, हाक मारतो. बंटर युद्धात त्याचा सार्जंट होता. तो ‘तुम्हाला भास होतोय’ असं म्हणत नाही. ते आपलेच सुरुंगवाले आहेत, काळजी करू नका, असं सांगून त्याला निजवतो. पुढे 1937 च्या कादंबरीत विम्झीची आई सांगते की युद्धानंतर त्याच्याने नोकरांनासुद्धा हुकूम देववत नसे. चार वर्षं ज्याच्या हुकमाने माणसं मरायला गेली, त्याला चहा आण म्हणणंही जड झालं होतं. म्हणून खुनी सापडला की विम्झी कोसळतो. खुनी सापडला म्हणजे फाशी, आणि फाशी म्हणजे पुन्हा एकदा आपल्या शब्दावरून मेलेला माणूस. असं काही रीचरच्या मनाला शिवतसुद्धा नाही.

लष्करी पोलिसाला वेगळा जाच असतो. मेसमध्ये तो शिरला की बोलणं थांबतं. ज्याची चौकशी करायची तो हुद्द्याने वर असू शकतो, आणि त्याला सॅल्यूट ठोकून मग विचारायचं असतं की रात्री अकरा वाजता आपण कुठे होतात, सर. नागरी पोलिसालाही मंत्री छळतात, पण मंत्र्यापुढे उभं राहून टाचा जुळवाव्या लागत नाहीत. चांगला लेखक हे ताण वापरतो. आळशी लेखक नायकाला ‘एक्स-मिलिटरी’ म्हणून मोकळा होतो आणि मग त्याला कुलपं उघडता येतात, विषं ओळखता येतात, सहा भाषा येतात.

शंका आली तर मी एक युक्ती करतो: मनातल्या मनात पुस्तकातून लष्कर काढून टाकतो. तपास कसा करायचा हेच नायकाला कळेनासं झालं तर तो लष्करी पोलीस. तपास येतोय, पण तो का करतोय किंवा रात्री का झोपत नाही ते कळेनासं झालं तर तो लढलेला सैनिक. चार्ल्स टॉडच्या इयन रटलेजला ही कसोटी लावून बघा. तो पहिल्या महायुद्धाआधीच स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर, म्हणजे विद्या यार्डची. युद्धातून त्याने आणला तो हेमिश. आघाडीवर याच्याच हुकमाने गोळी घातली गेलेल्या त्या सैनिकाचा आवाज 1919 मध्ये प्रत्येक तपासात त्याच्याशी बोलत असतो. मायकेल कॉनेलीचा बॉशही असाच. तपास तो लॉस एंजेलिस पोलिसांत शिकला. व्हिएतनाममध्ये तो भुयारांत सरपटत शिरणारा जवान होता. 1992 च्या पहिल्या कादंबरीत पाइपात सापडलेलं प्रेत त्याच भुयारांतल्या जुन्या साथीदाराचं निघतं, आणि तपास त्याच्या अंगाला चिकटतो.

स्ट्राइकपाशी मात्र माझी युक्ती अडखळते, आणि म्हणूनच तो मला आवडतो. हॅरी पॉटरवाल्या रोलिंगबाईंनी रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने 2013 मध्ये आणलेला हा माणूस स्पेशल इन्व्हेस्टिगेशन ब्रँचमधला, म्हणजे शुद्ध सैनिकांचा पोलीस. लष्करी नोंदी हव्या असल्या की ब्रँचमधला जुना सहकारी हार्डेकर त्याच्या मदतीला येतो. हे झालं पोलिसाचं नातं. पण अफगाणिस्तानात त्याची गाडी स्फोटात उडाली, पाय गेला, आणि त्या क्षणी त्याने मागे खेचलेला अँस्टिस आता लंडन पोलिसांत आहे. तो आयुष्यभर उपकाराखाली वाकलेला आणि म्हणूनच थोडा वैताग आणणारा. ही उधारी सैनिकांमधली. एकाच माणसाकडे दोन्ही नाती, आणि लेखिका त्यांची सरमिसळ होऊ देत नाही.

उलट्या बाजूचा ढोबळपणाही तितकाच जुना. ‘द ब्लू डाहलिया’ या 1946 च्या चित्रपटाच्या पटकथेत रेमंड चँडलरने खुनी ठरवला होता तो युद्धात डोक्याला मार बसलेला नौसैनिक. अमेरिकन नौदलाने हरकत घेतली आणि खुनी बदलावा लागला. नौदलाचं मी समजू शकतो. पण परत आलेला जवान एक तर सगळं येणारा, नाही तर डोकं फिरलेला, या दोनच खणांत आजही निम्मी पुस्तकं बसतात.

मला कोणी एकच पुस्तक विचारलं तर मी वॉल्टर मोझलीची 1990 ची ‘डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस’ पुढे करतो. 1948 चं लॉस एंजेलिस, ईझी रॉलिन्स हा कृष्णवर्णीय माजी सैनिक, विमान कारखान्यातली नोकरी गेलेली, घराचा हप्ता अंगावर. तो ना पोलीस, ना डिटेक्टिव्ह. ओळखीच्या बारमध्ये एक गोरा माणूस शिरतो आणि ईझीच्या पोटात भीती उठते, पण तशीच विरते. पाच वर्षं तो गोऱ्या माणसांबरोबर आफ्रिकेपासून जर्मनीपर्यंत फिरलाय, आणि निळ्या डोळ्यांची इतकी पोरं त्याने मारलीत की मरायला तीही आपल्याइतकीच भितात, हे त्याला ठाऊक आहे. तो गोरा पैसे देऊ करतो. हप्ता भरायचाय, म्हणून ईझी ते घेतो.