पुरुष नेमके कधीपासून धोक्यात आहेत?

इसवी सनपूर्व 195. रोममधे बायका रस्त्यावर उतरल्यात, मागणी एकच, युद्धाच्या काळात केलेला ओपियस कायदा रद्द करा. त्या कायद्याने बाईने अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं बाळगायचं नाही, रंगीबेरंगी कपडे नकोत, आणि शहरात गाडीत बसायचं तर फक्त धार्मिक कार्यासाठी. तर कॅटो, म्हणजे त्या वर्षीचा कॉन्सल (रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक), सगळ्यांसमोर म्हणतो की यांना बरोबरीचं केलंत की त्या डोक्यावर बसल्याच म्हणून समजा! (भाषण रोमन इतिहासकार लिव्हीने जवळपास दोनशे वर्षांनी लिहिलंय, त्यामुळे शब्द कोणाचे देव जाणे.) आणि हे कुठल्या रोममधे, तर जिथे बाईला मत द्यायचासुद्धा अधिकार नव्हता.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या क्वेबेक युनिव्हर्सिटीत राज्यशास्त्र शिकवणारा फ्रान्सिस द्युपुई-देरी असली उदाहरणं गोळा करतो. 1620 मधे इंग्लंडचा राजा जेम्स, बायका पुरुषी कपडे घालतात म्हणून पाद्र्यांना त्याविरुद्ध प्रवचनं करायला लावतो, तेही त्याच्या यादीत आहे. त्याचं म्हणणं साधं आहे, बायकांनी जरा कुठे पाऊल पुढे टाकलं की 'पुरुषत्व संकटात'ची ओरड सुरू होते, मग प्रत्यक्षात सत्ता, पैसा सगळं पुरुषांच्याच हातात का असेना. ओळखीचं वाटतंय ना?

क्वेबेकमधे, म्हणजे मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे तिथे, हा विषय नुसता लायब्ररीतला नाही. 6 डिसेंबर 1989 ला मॉन्ट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एकाने फेमिनिस्टांवर राग काढत 14 जणींना मारलं. 2008 मधे द्युपुई-देरीने मेलिसा ब्लेसोबत तिथल्या पुरुषवादी चळवळीवर पुस्तकच काढलं. त्या चळवळीचा लाडका मुद्दा म्हणजे पुरुष जास्त आत्महत्या करतात, आणि खापर फेमिनिझमवर. पण फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुरखाइमने 1897 मधे आत्महत्यांचे आकडे मांडले तेव्हाही पुरुषांचं प्रमाण बायकांच्या कितीतरी पट होतं, आणि तेव्हा फ्रान्समधे बायकांना मतदानाचा हक्कही नव्हता.

द्युपुई-देरीचा दुसरा विषय अराजकतावाद, म्हणजे वरून कोणी राज्य करायला नको, लोकांनी आपला कारभार आपणच बघावा हा विचार. तो स्वतः अराजकतावादी आहे आणि ते लपवत नाही. मोर्चात काळे कपडे घालून, तोंड झाकून येणाऱ्या ब्लॅक ब्लॉकवाल्यांवर त्याने लिहिलं, त्यांच्यातल्या लोकांशी बोलला. पेपरवाले म्हणतात गुंडांची टोळी, हा म्हणतो ती संघटनाच नाही, ना अध्यक्ष ना मेंबरशिप, 1980 च्या दशकात पश्चिम जर्मनीत आलेली मोर्चात उतरायची एक पद्धत आहे. आणि लोकांनी जमून स्वतःच निर्णय घ्यायचे म्हटलं की वरच्यांच्या पोटात जो गोळा येतो त्याला तो राजकीय अगोराफोबिया म्हणतो (अगोराफोबिया म्हणजे एरवी गर्दीची, मोकळ्या जागांची भीती). मला तर पुरुषत्वावरचं आणि अराजकतावादावरचं, ही त्याची दोन्ही कामं एकच वाटतात, दोन्हीकडे प्रश्न हाच की घाबरलंय कोण आणि त्या भीतीतून फायदा कोणाचा.

टीकाकार म्हणतात हा संशोधक कमी, कार्यकर्ता जास्त. असेल, पण बाजू सांगून लिहिणारा मला तरी परवडतो, त्याचे पुरावे निदान तपासता येतात. माझी तक्रार वेगळीच आहे. कारखाना बंद पडून घरी बसलेल्या माणसाचं दुःख खरं असतं, ते त्याने बायकांवर ढकललं तरीही, आणि तिथे द्युपुई-देरी जरा घाईत पुढे सरकतो असं वाटतं.