अठरानंतर कुठे? अनुरक्षणाचा अर्ज नेमका कुठे अडतो

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बालगृहांतून अठरा पूर्ण झाले की पोरं बाहेर पडतात. काही भुसावळच्या फलाटावर सापडलेली, काहींचे आईबाप मजुरीला गेले ते परतलेच नाहीत. त्यांच्यावर पुन्हा फलाटावर झोपायची वेळ येऊ नये म्हणून बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 46 मध्ये अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. 21 वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत 23 पर्यंत राहण्याची सोय, कौशल्य प्रशिक्षण आणि आर्थिक मदत मिळू शकते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत आर्थिक मदतीची रक्कम महिना 4,000 रुपये आहे.

पात्रतेची मुख्य अट एकच: मुलगा किंवा मुलगी मान्यताप्राप्त संस्थेत राहिलेली असावी. निराधार मुलांचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर जो कधीच गेला नाही, त्याला या योजनेचा आधार नाही. तो अठराच्या आतला असेल तर 1098 या बाल मदतक्रमांकावर फोन करा. सापडलेल्या मुलाला 24 तासांत समितीसमोर न्यावंच लागतं.

बहुतेकांची पहिली चूक मुदतीची. ‘21 पर्यंत’ वाचलं की लोक निवांत होतात. नियम असा आहे, की संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी मुलाचं प्रकरण बघणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याने किंवा केसवर्करने पुनर्वसन आराखडा समितीला द्यायचा. प्रत्यक्षात वाढदिवस उलटल्यावर अधीक्षकांना जाग येते. मुलाने सतरा पूर्ण झाले की स्वतःच विचारावं, ‘माझा आराखडा झाला का?’ अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. एकोणीसाव्या वर्षी आलेल्यालाही दार बंद नाही, पण तोवर फाईल शोधायलाच महिने जातात.

मग जन्मतारीख. जन्मदाखला बहुतेकांकडे नसतोच. ‘मनाजोडे (माझ्याजवळ) काहीच कागद नही’ हे वाक्य अशा पोरांसाठी आम्ही भरवतो त्या संध्याकाळच्या बैठकीत इतकं ऐकू येतं, की आता आम्ही पहिला प्रश्न शाळेचाच विचारतो. कलम 94 नुसार वय ठरवताना शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी बघतात, ते नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि काहीच नसेल तेव्हाच वैद्यकीय तपासणी. घोळ पुढेच आहे. गुरुजींनी शाळेत 1 जून लावलेली, आधारवर 1 जानेवारी. समितीच्या आदेशात तिसरीच. समितीने नोंदवलेलं वय या कायद्यापुरतं खरं धरलं जातं, म्हणून त्या आदेशाची साक्षांकित प्रत संस्था सोडतानाच मागून घ्या. नंतर मागाल तर ‘साहेब दौऱ्यावर आहेत’.

तिसरी अडचण आधार आणि बँकेची. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात. ते राहिले असले तर बँकेत अंगठा लागत नाही. शिवाय अल्पवयीन म्हणून उघडलेलं खातं अठरानंतर नव्या सही आणि केवायसीशिवाय चालत नाही. पैसे मंजूर होतात आणि खात्यात येत नाहीत, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. आधार नव्याने काढायचं तर संस्थाप्रमुखाचं प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यातच लागतं आणि ते दिल्यापासून तीन महिनेच चालतं.

बाकी कागद साधे: फोटो, समितीचा प्रवेश आदेश, शिक्षणाचे दाखले, पासबुकाची प्रत. अनाथ असल्यास अनाथ प्रमाणपत्रही मागा. खान्देशातले तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात, त्यामुळे हे प्रकरण महिला व बाल विकासच्या विभागीय उपायुक्तांकडे जातं. हे प्रमाणपत्र नोकरीतल्या एक टक्का आरक्षणासाठी लागतं, म्हणून कंटाळू नका.

पत्त्याचं काय? आमच्या पोरांपैकी एकाने मतदार नोंदणीच्या नमुना 6 वर बैठक भरते त्या समाजमंदिराचा पत्ता टाकला. बेघराच्या अर्जाची खातरजमा करायला बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) रात्री येतो, तो आला तर दाराला कुलूप. बेघराला रहिवासाचा पुरावा लागत नाही, पण जिथे खरोखर झोपता तीच जागा लिहावी लागते, मग ती दुकानाचा ओटा का असेना. समाजमंदिर पत्रव्यवहारापुरतं ठेवा.

अशी बैठकीची जागा चालवणाऱ्या मंडळांनीही अर्ज करायला हवा. जिल्हा बाल संरक्षण कक्ष अनुरक्षणात मदत करू इच्छिणाऱ्या संस्था आणि व्यक्तींची यादी ठेवतो. ती समितीला जाते आणि त्यावरून मुलं पाठवली जातात. नियमात सहा ते आठ जणांचं तात्पुरतं गटनिवास आणि संपर्कात राहणारा समवयस्क समुपदेशक, दोन्ही आहे, तेव्हा नुसती संध्याकाळची जागा देऊ शकत असाल तर तेवढंच लिहा, निवासाचं आश्वासन देऊ नका. जागा नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची असेल तर वापराची लेखी परवानगी आधी घ्या. तोंडी होकारावर वर्षभर दिवे लावले आणि नव्या पदाधिकाऱ्याने कुलूप घातलं, असं होतं.