फ्रीझर कार्ट्रिज: कॉपी प्रोटेक्शनला वळसा घालणारं बटण

१९८०च्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरला मागच्या बाजूला एक खाच असायची. तिच्यात एक छोटी डबी खोचायची, गेम नेहमीसारखा कॅसेटवरून किंवा फ्लॉपीवरून लोड होऊ द्यायचा आणि तो सुरू झाला की डबीवरचं बटण दाबायचं. गेम जागच्या जागी थिजायचा, स्क्रीनवर मेनू यायचा, आणि त्यातला पर्याय निवडला की त्या क्षणी मेमरीत जे काही आहे ते सगळं डिस्कवर उतरायचं. हेच फ्रीझर कार्ट्रिज. (आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्ही गेममध्ये खोचायची ती ‘कॅसेट’ हीसुद्धा कार्ट्रिजच, पण तिच्यात गेम असायचा. या डबीत गेम नसायचा.)

अशी डबी विकली का जात होती हे कळायला त्याआधीची कुरघोडी पाहायला हवी. ब्रिटनमध्ये गेम मुख्यतः ऑडिओ कॅसेटवर यायचे, आणि दोन डेकचा टेपरेकॉर्डर असला की नक्कल झाली. कंपन्यांनी मग अडथळे उभारायला सुरुवात केली. १९८४च्या ‘जेट सेट विली’ या गेमबरोबर रंगीत चौकोनांचं कार्ड यायचं, खेळ सुरू करायच्या आधी त्यावरचे रंग सांगावे लागत. रंगीत झेरॉक्स तेव्हा सर्वांच्या आवाक्यात नव्हती, म्हणून हे काही काळ चाललं. ‘लेन्सलॉक’ तर कहरच होता. स्क्रीनवर अक्षरांचे तुकडे दिसायचे आणि सोबत दिलेल्या प्लॅस्टिकच्या भिंगातून पाहिल्यावरच ते जुळायचे. स्पेक्ट्रम या कॉम्प्युटरवरच्या ‘एलीट’ गेमच्या काही पाकिटांत भलत्याच गेमचं भिंग गेलं, म्हणजे पैसे मोजून घेणाराच बाहेर! ‘स्पीडलॉक’सारखे लोडर (गेम मेमरीत आणणारे छोटे प्रोग्राम) मात्र खरोखर हुशार होते. ते प्रोग्राम कूटबद्ध ठेवत आणि तो उलगडताना स्पेक्ट्रममधल्या झेड-८० प्रोसेसरचं आर रजिस्टर (प्रोसेसरच्या आत एक आकडा ठेवायची जागा) वापरत. हा आकडा प्रत्येक सूचनेगणिक बदलतो, त्यामुळे मध्येच थांबून डोकावणाऱ्याच्या हाती कचरा लागायचा.

कमोडोर ६४ या कॉम्प्युटरच्या डिस्कवर वेगळीच तऱ्हा होती. मुद्दाम खराब केलेले सेक्टर (डिस्कवरचे कप्पे) वाचायला लावायचे आणि अपेक्षित एरर आली तरच पुढे जायचं. प्रत्येक एररला त्याच्या १५४१ या डिस्क ड्राइव्हचं वाचणारं हेड टोकाच्या अडसरावर खडखड आपटायचं. हे वारंवार झालं की हेडची जुळणी बिघडायची.

या सगळ्या युक्त्यांमध्ये एक समान दुबळेपणा होता. त्या गेम सुरू होईपर्यंतच पहारा द्यायच्या. प्रोसेसरला कूटबद्ध सूचना चालवता येत नाहीत. केव्हा ना केव्हा उघडा प्रोग्राम मेमरीत यावाच लागतो. डिस्कची हुबेहूब नक्कल करू पाहणारे प्रोग्राम प्रत्येक नव्या प्रोटेक्शनशी नव्याने झुंजत होते. फ्रीझरने ती झुंजच टाळली. दाराला कितीही कुलपं लावा, मालक आत जाऊन बसला की खिडकीतून फोटो काढता येतोच. अ‍ॅपल टूसाठी ‘वाइल्डकार्ड’ नावाचं असं कार्ड १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच आलं होतं, पण या प्रकाराला खरा बाजार मिळाला तो स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ यांच्यामुळे.

बटणामागची करामत म्हणजे एनएमआय, प्रोसेसरला नाकारता न येणारा व्यत्यय. हा इशारा आला की झेड-८० हातातलं काम टाकून थेट १०२ क्रमांकाच्या पत्त्यावर जातो. स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये (कायमचा प्रोग्राम असलेल्या मेमरीत) तिथे सोय केलेली होती, पण एक अट उलटी लिहिली गेली होती. परिणामी वापरकर्त्याने पुढचा पत्ता दिला असेल तर काहीच घडायचं नाही, आणि नसेल तर मशीन सरळ रीसेट व्हायचं. लंडनच्या रोमँटिक रोबॉट कंपनीच्या ‘मल्टिफेस वन’ने (१९८६) त्यामुळे रॉमवर भरवसाच ठेवला नाही. बटण दाबताच ते स्पेक्ट्रमची रॉम बाजूला सारून स्वतःची ८ किलोबाइट रॉम आणि ८ किलोबाइट रॅम पुढे आणायचं. स्वतःची रॅम हवीच. नाहीतर पकडलेल्या प्रोग्रामवरच स्वतःचा पसारा मांडावा लागतो.

कमोडोर ६४मध्ये हा इशारा कीबोर्डवरच्या ‘रिस्टोर’ बटणाला जोडलेला होता, पण गेम लिहिणाऱ्यांना तो बंद पाडण्याची युक्ती माहीत होती. एकदा स्वतःच एनएमआय उठवायचा आणि त्याची पोच द्यायची नाही. त्या इशाऱ्याची वायर अडकूनच राहते. इतर व्यत्ययही बंद ठेवले तर फ्रीझरचं बटण दाबूनही ढिम्म काही होत नसे. इंग्लंडमधल्या डेटेलचं ‘अ‍ॅक्शन रिप्ले’, नेदरलँड्समधलं ‘फायनल कार्ट्रिज’, कॅनडातलं ‘सुपर स्नॅपशॉट’ या साऱ्यांच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या, त्यामागे अशीच चढाओढ होती.

काही गोष्टी फ्रीझरला मुळातच पकडता येत नसत. आवाजाची सिड चिप घ्या. तिच्या बहुतेक रजिस्टरमध्ये लिहिता येतं, वाचता येत नाही, त्यामुळे थिजवून परत चालवलेल्या गेमचा एखादा सूर हरवायचा. त्याहून चलाख पळवाट १५४१ ड्राइव्हमध्ये होती. त्या ड्राइव्हला स्वतःचा प्रोसेसर आणि २ किलोबाइट मेमरी होती. लोडरचा एक भाग तिथे ठेवला की कॉम्प्युटरची ६४ किलोबाइट उतरवूनही पुढचा टप्पा लोड व्हायचा नाही.

जाहिरातीत या डब्या ‘स्वतःच्या बॅकअपसाठी’ असायच्या. विकणारा, घेणारा, कुणीच भोळा नव्हता. तरी तो दावा निव्वळ सोंग होता असं मला वाटत नाही. टेप ताणली जाते, घासली जाते. कॅसेटवरचा गेम डिस्कवर नेता आला तर दर वेळची ताटकळ वाचते. शिवाय मेमरीत हात घालून जीव अमर्याद करणं, ‘अ‍ॅक्शन रिप्ले’मधून स्प्राइटची (स्क्रीनवरच्या हलत्या चित्रांची) टक्करच बंद करणं, यासाठीही लोक ती घेत. हेड आपटण्याचा त्रास तर अस्सल प्रत घेणाऱ्यालाच व्हायचा.

कायदा या वादात हळूहळू उतरला. अमेरिकेत १९८८च्या व्हॉल्ट विरुद्ध क्वेड खटल्यात अपील न्यायालयाने प्रोटेक्शन चुकवणारा प्रोग्राम विकणाऱ्या क्वेडची बाजू उचलून धरली. अशा प्रोग्रामचा बॅकअपसाठी वैध उपयोग आहे, हे एक कारण. ब्रिटनने त्याच वर्षीच्या कॉपीराइट कायद्याच्या २९६व्या कलमात उलट दिशा धरली. बेकायदा प्रती काढल्या जाणार हे ठाऊक असताना प्रोटेक्शन फोडणारं उपकरण विकणाऱ्याविरुद्ध मूळ प्रती बाजारात आणणाऱ्याला दाद मागता येऊ लागली. भारतात सॉफ्टवेअर १९८४मध्ये कॉपीराइट कायद्यात आलं, १९९४च्या दुरुस्तीने वैध प्रत बाळगणाऱ्याला बॅकअपची मुभा दिली, आणि प्रोटेक्शन फोडण्याबद्दलचं ६५ए कलम आलं थेट २०१२मध्ये. तोवर या डब्या कधीच अडगळीत गेल्या होत्या.

त्यांची एक खूण मात्र रोज वापरात आहे. स्पेक्ट्रमच्या एम्युलेटरमध्ये (आजच्या कॉम्प्युटरवर ते जुनं मशीन उभं करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालणारी एसएनए फाइल मूळची ‘मिराज मायक्रोड्रायव्हर’ या अशाच उपकरणाची. २७ बाइट रजिस्टरसाठी, ४९,१५२ बाइट मेमरीसाठी, एकूण ४९,१७९. प्रोग्राम कुठे थांबला होता तो पत्ता त्या २७ बाइटांत नाही. एनएमआय आल्यावर झेड-८०ने तो स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या नोंदींच्या जागी) टाकलेला असतो आणि फाइलमध्येही तिथेच सापडतो. त्यापायी गेमच्या मेमरीतले २ बाइट पुसले जातात, आणि क्वचित एखादा गेम त्यामुळे आजही कोलमडतो.