वाटीतल्या मिठाला पाणी का सुटतं?

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तीन आठवड्यांवर आली की गोव्यात घरं उपसायला सुरुवात होते. माळ्यावरची माटोळीची (गणपतीवर फळं-पानं टांगायची) चौकट खाली येते, कपाटं रिकामी होतात, आणि ठेवणीतल्या साड्यांवर, चामड्याच्या पट्ट्यांवर राखाडी-हिरवट बुरशीचे ठिपके दिसू लागतात. यंदा डिचोलीला आतेबहिणीचं कपाट आवरायला बसलो, तर तळच्या कप्प्यात एक काचेची वाटी निघाली. आत जाड्या मिठाचे अर्धे विरघळलेले खडे आणि बोटभर पाणी. "दादा, बघ किती निगेटिव्ह एनर्जी ओढली मिठानं," ती म्हणाली. तशीच दुसरी वाटी तिच्या गाडीत होती.

तिनं पाहिलं ते खरंच होतं. मिठानं काहीतरी ओढलं होतं. ते पाणी होतं, आणि ते ओढण्याची रीत मला शाळेत शिकल्यापासून विलक्षण सुंदर वाटत आली आहे.

हवेतले पाण्याचे रेणू प्रत्येक वस्तूवर सतत आदळत असतात. काही चिकटतात, काही परत उडतात. मिठाच्या खड्यावर त्यांचा अतिशय पातळ थर बसतो. त्या थरात थोडं मीठ विरघळलं, की सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, भोवतीच्या पाण्याला धरून ठेवतात. साध्या पाण्यातून जितके रेणू उडून जातात, त्याच्या जेमतेम तीन चतुर्थांश या संपृक्त (आणखी मीठ विरघळणार नाही इतक्या) खाऱ्या पाण्यातून उडू शकतात. म्हणून हवेची सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावेल त्या वाफेपैकी किती टक्के वाफ आहे ते) 75 टक्क्यांच्या वर गेली, की जाणाऱ्या रेणूंपेक्षा येणारे जास्त होतात. थर जाड होतो, त्यात आणखी मीठ विरघळतं, ते आणखी पाणी धरतं, आणि खडा स्वतःच ओढलेल्या पाण्यात बुडतो. आर्द्रता 75 च्या खाली उतरली की हाच प्रवास उलटा होतो आणि वाटीत पुन्हा स्फटिक धरतात. तापमान 10 अंश असो की 40, हा आकडा जवळपास हलत नाही. आर्द्रतामापक बरोबर आहे का हे तपासायचं असेल, तर बंद डब्यात ओलसर मिठाशेजारी तो ठेवतात. काही तासांनी त्यानं 75 दाखवायला हवेत.

मिठागराचं मीठ तर आधीच पाझरू लागतं. त्यात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि ते 33 टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढतं. पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या सामानातली) मिठाची बरणी पावसाळ्यात पाझरते हे आपल्या आज्यांना पाठ होतं.

शंका असेल त्यानं एक वाटी व्हरांड्यात आणि एक एसी चालू असलेल्या खोलीत ठेवावी. घर तेच, माणसं तीच, भांडणंही तीच. व्हरांड्यातली वाटी पाझरेल, खोलीतली पुष्कळ कोरडी राहील. घरातल्या ताणाचं कारण वाटीत शोधत राहिलं, की ते जिथे आहे तिथे बघायचं राहून जातं. याचंच मला वाईट वाटतं.

मग मिठानं कपाट कोरडं होतं का? नाही. हवा 28 अंशांवर असताना एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त 27 ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता 90 टक्के असेल तर साधारण 24 ग्रॅम. ती 60 टक्क्यांवर आणायला फक्त 8 ग्रॅम पाणी काढावं लागेल, चमचा-दीड चमचा. पण खरा साठा कपड्यांत असतो. सुती कापड 65 टक्के आर्द्रतेला आपल्या कोरड्या वजनाच्या 8.5 टक्के पाणी धरतं, 90 टक्क्यांना सुमारे 14. वीस किलो सुती कपडे म्हणजे लिटरभर जादा पाणी, हाताला कोरडं लागणारं! हवेतली वाफ कमी केली की कपडे ती भरून काढतात. शिवाय मीठ 75 च्या खाली ओढतच नाही, आणि बुरशी साधारण त्याच पट्ट्यात, 70 ते 80 च्या वर हवा दिवसेंदिवस राहिली की, धरते. बाजारातल्या ओलावा शोषणाऱ्या डब्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं. ते 30 च्या आसपासच कामाला लागतं, म्हणून निदान उपयोगी. डांबरगोळ्या कसरीसाठी, बुरशीचं त्या फारसं काही बिघडवत नाहीत.

म्हणून पसारा काढणं हा खरा उपाय. न वापरलेले कपडे गेले की पाण्याचा साठाच गेला, आणि उरलेल्या घड्यांमधून हवा फिरते. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नये. भिंत थंड असते आणि तिच्याजवळची तीच हवा जास्त दमट ठरते. उलट 28 अंशांची 90 टक्के दमट हवा चार अंशांनी तापवली, तर वाफ तेवढीच राहूनही आर्द्रता 72 वर येते. कपाटात छोटा विजेचा दिवा लावायची जुनी युक्ती याच हिशेबावर चालते. फक्त दिवा कापडापासून चांगला लांब हवा.

गाडीतली वाटी मात्र चोर्ला घाटाच्या वळणावर कधीतरी कलंडली होती. मॅट उचलली तर खालचा गालिचा चिकट ओला, आणि कडेला पत्र्यावर तांबूस गंज. आमच्या जुलैत ते खारं पाणी वाळणारच नाही, आणि खाऱ्या पाण्यात लोखंड साध्या पाण्यापेक्षा लवकर गंजतं. डिकीतल्या जुन्या कापडी पिशव्या, वर्तमानपत्रं, ओली छत्री, कधीचे बूट, सगळं बाहेर काढलं. गालिचा गोड्या पाण्यानं दोनदा धुतला, कारण मीठ फक्त पाण्याबरोबरच निघतं. एसीच्या कुबट वासावर तिला एक सवय सांगितली: घर जवळ आलं की एसी बंद करून नुसता पंखा पाच मिनिटं चालू ठेवायचा, म्हणजे आतली थंड ओली जाळी वाळते.

कपाटातली वाटी तिनं टाकली नाही. धुऊन, कोरडं बारीक मीठ भरून वरच्या कप्प्यात ठेवली आहे. ते पाझरायला लागलं की दिवा लावायचा.