टीबो कायदा

अमेरिकेत शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या म्हणजे होमस्कूलवाल्या मुलांना आपल्या भागातल्या सरकारी शाळेच्या टीममधून खेळू देणाऱ्या, आणि काही ठिकाणी बँड, नाटक, डिबेटमध्येही घेणाऱ्या कायद्यांना बोलीभाषेत टीबो कायदा म्हणतात. या नावाचा देशभराचा असा एक कायदा नाहीये, शिक्षण तिकडे राज्यांच्या हातात असल्यामुळे प्रत्येक राज्याचा आपापला नियम. अर्ध्याहून जास्त राज्यांत या ना त्या अटीवर दार उघडं आहे, न्यूयॉर्कसारख्या राज्यात मात्र शाळेत नाव नसेल तर टीममध्ये जागा नाही.

नाव आलं टिम टीबो या फुटबॉलपटूवरून (फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हेल्मेट घालून धडका मारायचा तो). फ्लोरिडाने १९९६ मध्येच होमस्कूलच्या मुलांना परवानगी दिली होती, म्हणजे कायदा आधीचा, टीबो नंतरचा. जॅक्सनविलचा हा मुलगा घरी आईकडे शिकायचा आणि आधी एका खासगी शाळेकडून खेळायचा, पण त्याला क्वार्टरबॅक (बॉल फेकून टीमचा हल्ला चालवणारा खेळाडू) व्हायचं होतं आणि तिथे ते जमेना. शेजारच्या सेंट जॉन्स काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) नीझ हायस्कूलमध्ये संधी होती, पण त्यासाठी पत्ता त्या काउंटीतला हवा, मग आई आणि मुलगा तिकडे अपार्टमेंट भाड्याने घेऊन राहायला गेले, बाकीचं घर जॅक्सनविललाच. आपल्याला हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही, सचिन तेंडुलकरने आचरेकर सरांच्या सांगण्यावरून शाळा बदलून शारदाश्रम गाठलं आणि शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहिला ते याच हिशोबाने. २००५ मध्ये नीझने राज्याची चॅम्पियनशिप जिंकली, २००७ मध्ये टीबोला कॉलेज फुटबॉलमधली सगळ्यात मानाची हाइझमन ट्रॉफी मिळाली, आणि मग बाकीच्या राज्यांतल्या पालकांना आमदारांपुढे ठेवायला एक चेहरा सापडला.

आता शाळेच्याच टीमचा एवढा हट्ट का, तर सगळ्या खेळांत तो नसतोच. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स २०१२ पासून घरीच शिकली आणि तिचं काही अडलं नाही, कारण जिम्नॅस्टिक्स खासगी क्लबमध्ये चालतं. अमेरिकन फुटबॉलला मात्र अकरा जणांची टीम, पॅड, हेल्मेट, मोठं मैदान, कोचेसची फौज हे सगळं लागतं आणि हायस्कूलच्या वयात ते बहुतेक शाळेतच असतं, वर कॉलेजची स्कॉलरशिप देणारे लोक पोरं हेरायला शाळांच्याच मॅचला येतात.

पालकांचा मुख्य मुद्दा टॅक्सचा. आम्ही पण प्रॉपर्टी टॅक्स भरतो, त्यातूनच ते स्टेडियम उभं राहिलं, मग आमच्याच पोराला गेटवर का अडवता? यावर उत्तर असं की शाळेला राज्याचे पैसे पटावरच्या मुलांप्रमाणे मिळतात, पटावर नसलेल्या मुलाचा खर्च कुठून करायचा. वेस्ट व्हर्जिनियात एका होमस्कूल मुलाला मिडल स्कूलच्या कुस्तीत उतरायचं होतं, खालच्या कोर्टाने हो म्हटलं पण २००५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. इतर कोर्टांचाही कल साधारण असाच, शाळेचा खेळ ही सवलत आहे, हक्क नाही. म्हणून ही लढाई कोर्टातून विधिमंडळात गेली. तिथेही सोपं नव्हतंच, व्हर्जिनियात विधिमंडळाने टीबो बिल पास करायचं आणि गव्हर्नर टेरी मॅकॉलिफ यांनी व्हेटो मारायचा असं २०१५, २०१६, २०१७ सलग तीन वर्षं चाललं.

माझ्या मते टॅक्सपेक्षा खरी गाठ मार्कांची आहे. टेक्ससमध्ये १९८४ पासून ‘नापास तर खेळ नाही’ असा कडक नियम आहे, एका विषयात गचकलात तरी काही आठवडे बाहेर बसा. आता ज्या मुलाची टीचर त्याची आईच आहे त्याला नापास कोण करणार? टेक्ससने २०२१ च्या कायद्यात यावर तोडगा काढला तो असा की मुलाने आधी देशपातळीवरची एखादी प्रमाणित टेस्ट देऊन आपण त्या इयत्तेच्या लेव्हलला आहोत हे दाखवायचं, पुढे अभ्यास ठीक चाललाय हे पालकांनी अधूनमधून लेखी द्यायचं, आणि चालू वर्षात सरकारी शाळेत असलेल्या मुलाला नाव काढून होमस्कूलवाला म्हणून त्याच वर्षी खेळता येणार नाही. ही शेवटची अट ज्याने कोणी घातली त्याला पोरं आणि पालक दोन्ही चांगले माहीत असणार. या कायद्यात मुलांना घ्यायचं की नाही हे शाळांच्या डिस्ट्रिक्टवर (म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेवर) सोडलेलं होतं, २०२५ मध्ये ते उलटं केलं, आता ज्या डिस्ट्रिक्टला नको त्याने ठराव करून नाही म्हणायचं. जॉर्जियाने २०२१ मध्येच वेगळी वाट धरली, खेळायचं तर शाळेतर्फे निदान एक तरी कोर्स घ्या.

बँडचं दुखणं निराळं, मार्चिंग बँड बऱ्याच शाळांत दिवसाच्या वेळापत्रकातला तासच असतो, त्यामुळे कायद्यात फक्त खेळ लिहिला असेल तर ट्रम्पेटवाला बाहेरच राहतो. आयोवासारख्या राज्यात दुहेरी नोंदणी चालते, म्हणजे थोडं घरी थोडं शाळेत, तिथे हा प्रश्न फारसा येत नाही. आणि गंमत म्हणजे होमस्कूलवाल्यांमध्येच एक गट या कायद्यांच्या विरोधात आहे, त्यांचं म्हणणं आज खेळासाठी टेस्ट मागताय, उद्या घरात येऊन वह्या तपासाल.

महाराष्ट्रात असा कायदा नाही. इथे शाळेत न जाता दहावी द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म भरता येतो, पण जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडच्या शालेय स्पर्धेची एन्ट्री शाळेमार्फतच जाते, मुंबईत हॅरिस शिल्ड ही शालेय क्रिकेट स्पर्धा खेळायची तरी शाळाच लागते. त्यामुळे घरी शिकणारं मूल क्लबकडून किंवा खेळाच्या असोसिएशनच्या स्पर्धांमधूनच खेळतं.